अंगरखा १९५१चा, हाडे १९६८ची

माझ्या गॅरेजमध्ये उभी असलेली जॅग्वार सी-टाइप ही जॅग्वारने बांधलेली नाही, हे पहिल्याच वाक्यात कबूल केलेले बरे. खऱ्या सी-टाइप अवघ्या ५३ बांधल्या गेल्या. १९५१ साली पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड यांनी तिच्यावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि १९५३ साली टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी तीच शर्यत पुन्हा जिंकली, तेव्हा विजेत्या गाडीचा सरासरी वेग तेथे प्रथमच ताशी १०० मैलांच्या वर गेला. आज त्यांतली एखादी विकायला निघाली तर तिची किंमत माझ्यासारख्या नोकरदाराने नुसती वाचावी आणि पान उलटावे. माझी गाडी म्हणजे नळ्यांच्या सांगाड्यावर चढवलेले हिरव्या रंगाचे फायबरचे अंग, आणि त्याखाली जॅग्वारच्याच एका जुन्या एक्सजे६ सलूनचे इंजिन, गिअरबॉक्स व पुढचे-मागचे सस्पेन्शन. कोणीतरी अर्धवट सोडलेले हे काम मी विकत घेतले आणि कॉव्हेंट्रीत राहून, गाड्यांच्याच धंद्यात नोकरी करून, शनिवार-रविवारी ते पुरे केले.

सगळे झाल्यावर उरला तो टायरचा प्रश्न, आणि त्याने माझे जवळजवळ एक वर्ष खाल्ले.

आधीच्या मालकाने पंधरा इंची चाकांवर २०५/७०आर१५ या मापाचे साधे आधुनिक रेडियल टायर बसवले होते. टायर चांगले होते, पकड उत्तम होती, पावसातही कुरकुर नव्हती. पण गाडी दहा पावले मागे जाऊन पाहिली की काहीतरी चुकल्यासारखे वाटे, आणि ते काय हे बरेच दिवस सांगता येत नव्हते. धोतर-कोट-पगडी असा सगळा जामानिमा करून पायांत स्पोर्ट्स शूज घातलेल्या माणसासारखी ती दिसे. मी आधी दोष टायरच्या नक्षीला दिला, मग साइडवॉलवरच्या ठळक अक्षरांना. शेवटी जुनी छायाचित्रे समोर ठेवून पट्टीने मोजले, तेव्हा उमगले की दोष उंचीचा आहे. जॅग्वारच्या गाड्यांना आकार देणाऱ्या माल्कम सेयरने या गाडीचे अंग आखले ते उंच, सडपातळ, सोळा इंची तारांच्या चाकांभोवती. चाकावरची कमान आणि टायर यांच्यामध्ये जी जागा राहायला हवी ती माझ्या गाडीत भलतीच मोठी होती आणि चाक त्या कमानीत हरवल्यासारखे दिसत होते. जुन्या वळणाचा टायर निवडताना लोक सर्वांत आधी नक्षी पाहतात, मीही तेच केले. पण दुरून नक्षी दिसतच नाही, दिसते ती टायरची एकूण उंची आणि साइडवॉलचा फुगीरपणा.

येथे मापांचा थोडा हिशेब सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. २०५/७०आर१५ म्हणजे २०५ मिलिमीटर रुंदी आणि त्याच्या ७० टक्के, म्हणजे साधारण १४३ मिलिमीटर, साइडवॉलची उंची. ती दोन्ही बाजूंनी धरून पंधरा इंची रिममध्ये मिळवली की चाकाचा एकूण व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर येतो. १९५१च्या काळात माप लिहीत ते ६.००-१६ असे, म्हणजे रुंदी सहा इंच आणि रिम सोळा इंची. साइडवॉलची टक्केवारी त्यात लिहीतच नसत, कारण उंची जवळपास रुंदीइतकीच असायची. असा टायर साधारण ७१५ मिलिमीटर व्यासाचा भरतो. कागदावर हा फरक पावणेदोन इंचांहून थोडा अधिक आहे, पण डोळ्यांना तो गाडीचे वय बदलणारा फरक वाटतो.

म्हणून पहिली गोष्ट ठरली ती सोळा इंची, साडेपाच इंच रुंदीची तारांची चाके. ती आणली. आता त्यांवर काय चढवायचे?

मनाने उत्तर आधीच दिले होते: डनलॉप, आणि तेही क्रॉसप्लाय, म्हणजे रेडियलच्या आधीच्या जुन्या घडणीचे. सी-टाइपच्या बाबतीत डनलॉप हे नाव केवळ टायरपुरते नाही. तिची चाके डनलॉपची होती, आणि १९५२ साली फ्रान्समध्ये रीम्सला शर्यतपटू स्टर्लिंग मॉसने डिस्क ब्रेक लावलेल्या गाडीने जी पहिली शर्यत जिंकली, ते ब्रेकही डनलॉपचेच होते. शिवाय मी बर्मिंगहॅमकडे जातो तेव्हा एम६ महामार्गाच्या कडेला फोर्ट डनलॉपची, म्हणजे डनलॉपच्या जुन्या कारखान्याची, ती लांबलचक विटांची इमारत दर वेळी दिसते. आता तिच्यात कचेऱ्या आहेत, आणि शेजारी उरलेला शर्यतीच्या टायरांचा कारखानाही २०१४ साली बंद झाला. सुदैवाने त्या जातीचे टायर मिळायचे थांबलेले नाहीत. जुन्या साच्यांच्या धर्तीवर केलेले डनलॉप रेसिंगचे शर्यतीचे टायर मिळतात, आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी रोड स्पीड आरएस५ हा टायर ६.००-१६ मापातही मिळतो. १९६१ची जॅग्वार ई-टाइप कारखान्यातून बाहेर पडली ती याच आरएस५च्या पंधरा इंची भावंडावर.

आता क्रॉसप्लाय म्हणजे नेमके काय, हे ज्यांनी फक्त रेडियलवर गाडी चालवली आहे त्यांच्यासाठी सांगायला हवे. गावाकडची सुतळीची बाज आठवा. तिची वीण तिरपी असते, एक थर या कोपऱ्याकडून त्या कोपऱ्याकडे आणि दुसरा त्याला छेद देऊन. अशा बाजेवर एका टोकाला कोणी बसले की दुसऱ्या टोकाची सुतळीही ओढली जाते. क्रॉसप्लाय टायरमध्ये दोऱ्यांचे थर असेच तिरपे, एकमेकांना छेदणारे असतात, आणि म्हणून साइडवॉल वाकली की रस्त्याला टेकलेला भागही तिच्याबरोबर आखडतो, वळवळतो आणि तापतो. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांच्यावरून एक ताठ पट्टा घेराभोवती बसवलेला असतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो, तसाच तो पट्टा. साइडवॉल हवी तशी वाकते आणि धाव मात्र रस्त्यावर सपाट टेकून राहते.

माझे बालपण क्रॉसप्लायवरच गेले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते इतकेच. नाशिकला आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, तिला ५.२०-१४ मापाचे नायलॉनचे टायर असत. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी गाडी बाहेर काढली की पहिला अर्धा मैल ती धड-धड-धड अशी उड्या मारत जाई आणि कॉलेज रोडला लागेपर्यंत आपोआप शांत होई. नायलॉनचे दोरे तापून चाललेले असताना गाडी उभी केली, की जमिनीला टेकलेला भाग गारठ्यात तसाच सपाट होऊन आखडतो आणि पुन्हा तापेपर्यंत गोल होत नाही. हे शास्त्र मी फार पुढे शिकलो. परवा फोनवर बाबांना विचारले की त्या आवाजाचे तुम्हाला कधी काही वाटले नाही का, तर ते म्हणाले, “अरे, टायर रात्रभर झोपलेले असायचे. उठायला वेळ लागतो.”

नुसत्या हौसेवर टायर घेण्यापेक्षा आधी चालवून पाहावे, एवढी अक्कल मात्र मला सुचली. लेमिंग्टनजवळ राहणाऱ्या एका वयस्क मित्राकडे जॅग्वारचीच जुनी एक्सके१२० आहे आणि तिला ६.००-१६चेच क्रॉसप्लाय आहेत. हिवाळ्यात त्यांची गाडी ठोकळ्यांवर उभी असते, म्हणून त्यांनी चारही चाके एका आठवड्यासाठी मला दिली. चाकांच्या मधल्या खाचांचे माप सुदैवाने जुळले. चाके चढवून गाडी खाली घेतली आणि गॅरेजच्या दारातून पाहिले, तेव्हा खरे सांगायचे तर मी बराच वेळ काही न करता तिथेच उभा राहिलो. कमान भरली होती. गाडी दोन सेंटिमीटरहून थोडी अधिक उंच झाली होती, आणि तरीही आधीपेक्षा ठेंगणी आणि दबा धरून बसल्यासारखी दिसत होती. टायर मुद्रेइतका बोलका असतो हे मला त्या दिवशी पटले.

मग ती घेऊन फॉस वेवर गेलो. हा रस्ता रोमनांनी आखलेला, वॉरिकशरमधून मैलोन्‌मैल सरळ जाणारा, पण त्याचा पृष्ठभाग ठिगळांच्या गोधडीसारखा आहे. ताशी ३० मैलांपर्यंत सगळे मौजेचे होते. स्टीअरिंग हलके झाले होते, छोटे खड्डे टायरच्या गुबगुबीत पोटातच जिरत होते. ५०च्या आसपास मात्र गाडी स्वतःच्या मनाने चालू लागली. रस्त्याच्या मध्ये डांबराची दोन ठिगळे जिथे लांबट जुळतात त्या कंगोऱ्यावर टायर चढला की तो कंगोरा धरून चालू लागे आणि मला उलटे वळवावे लागे, तोवर मागची बाजू दुसऱ्याच कंगोऱ्याच्या नादी लागलेली असे. तिरप्या पृष्ठभागावर चाक ज्या बाजूला कलते त्या बाजूला ओढले जाणे, हा गुण रेडियलपेक्षा क्रॉसप्लायमध्ये कितीतरी जास्त असतो. ते मी पुस्तकात वाचले होते, पण हातांच्या मनगटांना तेव्हा कळले. एका गोल चौकात थोड्या उत्साहाने वळलो तर गाडी आधी काहीच न करता नुसती झुकली, टायर बाजूला लवला, आणि नंतर सावकाश, समजेल अशा रीतीने चारही चाकांवर घसरू लागली. हे घसरणे मात्र अप्रतिम होते. रेडियल बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकाएकी सोडतो, तर क्रॉसप्लाय आधी पूर्वसूचना देतो, मग आर्जव करतो, मग सुटतो. त्या काळचे चालक चार चाके घसरवत वळण घेत ती कला या टायरांमुळेच शक्य झाली, आणि तिचा एक घोट मला पन्नास मैलांच्या आत मिळाला.

परत आल्यावर मित्राला तक्रार सांगितली. ते म्हणाले की त्यांची एक्सके१२० याच टायरांवर, याच रस्त्यावर इतकी भटकत नाही. ते खरे होते. त्यांच्या गाडीत मी बसून पाहिले. ती थोडी हलते, पण माझ्या गाडीसारखी बिथरत नाही. टायर तेच, रस्ता तोच, मग फरक कशाचा?

फरक खालच्या हाडांचा होता. एक्सके१२० आणि खरी सी-टाइप या दोन्ही क्रॉसप्लाय टायर गृहीत धरून घडल्या. मागे अखंड ‘लाइव्ह’ अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाके एकाच ताठ दांड्याला जोडलेली, त्यामुळे मागची चाके रस्त्याला काटकोनातच राहतात. माझ्या गाडीखाली आहे ते एक्सजे६चे सस्पेन्शन, आणि १९६८ साली एक्सजे६ बाजारात आली ती डनलॉपने खास तिच्यासाठी घडवलेल्या ई७०व्हीआर१५ या रुंद रेडियलवर. तिची मागची स्वतंत्र चाके वरच्या बाजूने थोडी आत झुकलेली असतात आणि खड्ड्यावर वरखाली होताना तो कल आणखी बदलतो. रेडियलला हा कल मानवतो. क्रॉसप्लायला मात्र तोच कल सतत कानात कुजबुजत राहतो, की इकडे वळ, आता तिकडे वळ. माझ्या गाडीचा अंगरखा १९५१चा होता आणि हाडे १९६८ची. अंगरखा एक टायर मागत होता आणि हाडे दुसराच.

प्रतिकृती बांधणाऱ्यांमध्ये ‘मूळ गाडीला जे होते तेच लावा’ हा सल्ला फार सहज दिला जातो. माझ्या मते तो अर्धाच सल्ला आहे. मूळ गाडीला ते टायर शोभत, कारण खालचे सगळे त्याच्याशी जुळवलेले होते. कल शून्यावर आणून, पुढचे कोन बदलून, मागचे दुवे लांब करून मीही माझ्या गाडीला क्रॉसप्लायशी जुळवून घ्यायला लावू शकलो असतो, काहीजण तसे करतातही. पण ती गाडी महामार्गावर पावसात चालवायची आहे आणि शेजारी कधीकधी माझी मुलगी बसणार आहे, याचा विचार केल्यावर तो उत्साह मावळला.

एका परिचिताने मधला मार्ग सुचवला: पुढे रेडियल ठेवा म्हणजे स्टीअरिंग शहाणे राहील, मागे क्रॉसप्लाय लावा म्हणजे घसरण्याची मौज मिळेल. हे येथे कोणीही करू नये. ब्रिटिश कायद्याने मोटारीला पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय लावता येत नाही, आणि एकाच अ‍ॅक्सलवर दोन जाती मिसळता येत नाहीत. पुढे क्रॉसप्लाय आणि मागे रेडियल हे तेवढे चालते. कारण साधे आहे. पुढची चाके घट्ट धरतात आणि मागची आधी सुटतात, तेव्हा गाडी भिंगरीसारखी फिरते.

तेव्हा प्रश्न असा उरला की रेडियलच, पण दिसायला १९५१च्या अंगरख्याला शोभणारा आणि सोळा इंची. निवड फार मोठी नव्हती. शोधता शोधता पिरेलीच्या चिंतुरातो टायरवर आलो, माप १८५व्हीआर१६. त्याची साइडवॉल उंच आहे, खांदा गोलसर आहे, आणि एकूण व्यास साधारण ७०५ मिलिमीटर, म्हणजे मित्राच्या क्रॉसप्लायपेक्षा जेमतेम बोटभर कमी. नाव, नक्षी आणि ठेवण जुनीच आहे, रबर मात्र आजचे आहे.

यावर ‘पण हा तर रेडियल’ असे नाक मुरडणारे भेटतातच. त्यांना मी इतिहासच सांगतो. मिशलॅंने रेडियलचे पेटंट १९४६ साली घेतले आणि १९४९ साली एक्स हा टायर बाजारात आणला. पिरेलीने चिंतुरातोचे पेटंट घेतले ते १९५१ साली, म्हणजे ज्या वर्षी सी-टाइप ल मान्सला पहिल्यांदा धावली त्याच वर्षी. मिशलॅंचा पट्टा पोलादाचा, पिरेलीचा कापडी दोऱ्यांचा. तेव्हा पन्नाशीच्या दशकात एखाद्या शौकिनाने शर्यतीतून निवृत्त झालेली सी-टाइप घरच्या वापरासाठी घेऊन तिला चिंतुरातो चढवले असते तर त्यात काळाचा विपर्यास झाला नसता. हा युक्तिवाद मी स्वतःच्या समाधानासाठी रचला आहे हे मान्य, पण त्यातली सालेही खरी आहेत.

बसवण्याचे काम वाटले तितके सोपे निघाले नाही. तारांच्या चाकात प्रत्येक आऱ्याची टोपी रिमच्या आत निघते, त्यामुळे आत हवा धरून ठेवायला ट्यूब लागते आणि त्या टोप्यांवरून रबरी पट्टीही. ज्या दुकानात मी टायर बसवून घेतले (नाव सांगण्यात अर्थ नाही) तेथील तरुणाने आयुष्यात ट्यूब पाहिली असेल की नाही याची मला शंका होती, आणि ती दोनशे मैलांनंतर खरी ठरली. मागच्या डाव्या चाकाची हवा रोज तीन-चार पौंडांनी उतरू लागली. घरीच टायर उचकटला, ट्यूब पाण्यात बुडवली, तर एका ठिकाणाहून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे येत होते. त्याच जागी टायरच्या आतल्या बाजूला बारकोडचा कागदी लेबलचा तुकडा चिकटलेला होता आणि त्याचा एक कोपरा वर उचलला जाऊन ट्यूबवर सतत घासत होता. वहाणेतल्या खड्याने टाच सोलावी तसाच प्रकार. मग चारही चाके पुन्हा उघडली, लेबले कोमट पाण्याने आणि बोटांच्या नखांनी काढली, आत शंखजिरे भुरभुरले आणि बंद केली. नाशिकच्या पंक्चरवाल्याने हे काम न सांगता केले असते, त्याच्याकडे पत्र्याच्या डब्यात शंखजिरे कायम असायचे.

दुसरे काम स्पीडोमीटरचे. तो जुन्या ६६८ मिलिमीटर व्यासाच्या चाकाशी जुळवलेला होता. नवे चाक साडेपाच टक्क्यांनी मोठे, म्हणजे काटा ६० दाखवी तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६३च्या पुढे धावत असे. काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो ते कायद्याला थोडेफार चालते, कमी दाखवलेला मुळीच चालत नाही, म्हणून तो काढून नव्याने जुळवून घेतला. हवेचा दाब ठरवायला जुनी युक्ती वापरली: टायरवर खडूच्या जाड आडव्या रेघा ओढायच्या, सरळ रस्त्यावर थोडे चालवायचे आणि रेघ कोठे पुसली ते पाहायचे. मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. माझ्या हलक्या गाडीला पुढे २४ आणि मागे २६ पौंड मानवले.

त्यानंतर पुन्हा फॉस वेवर गेलो. ठिगळांचे कंगोरे आले आणि गेले, स्टीअरिंग हातात शांत राहिले. गोल चौकात गाडी जरा लवून मग धरून वळली. ती घसरण्याची आर्जवी लकब आता राहिली नाही, याची हळहळ आहे. पण साइडवॉल उंच असल्यामुळे आधीच्या टायरांपेक्षा सूचना लवकर मिळते, आणि दुरून पाहताना कमान भरलेली दिसते.

एवढे झाल्यावर हिशेब चार टायरांवर थांबायला हवा होता. सी-टाइपमध्ये पाचवे चाक शेपटाच्या पोटात, झाकणाखाली ठेवलेले असते, कोणाला दिसत नाही. तेथे आपला एखादा स्वस्तातला क्रॉसप्लाय ठेवावा, निदान शोभा तरी जुनी, असा माझा बेत होता. तो अंमलात आणण्याआधी लक्षात आले की वाटेत पंक्चर झाले आणि ते चाक चढवले तर एका अ‍ॅक्सलवर दोन जाती होतील, म्हणजे मघाशी सांगितलेला कायदा आपणच मोडायचा. पाचवा चिंतुरातोही मागवावा लागला. तो आला त्या दिवशी बायकोने बिल वाचले आणि गाडीभोवती फेरी मारून चाके मोजली.

“चारच तर आहेत,” ती म्हणाली.

मी शेपटाचे झाकण उघडून दाखवले.